बिनकव्हराचं पुस्तक

उलव्याला राहायला आल्यापासून माझ्याकडे बुद्धिबळ शिकायला येणाऱ्या मुलांच्या आया मला एक प्रश्न हमखास विचारतात. "मॅडम, ओपनिंग्ज समजायला कुठलं पुस्तक घेऊ?" पोरांच्या मोबाईलमध्ये सगळं असतं खरं, पण मोबाईलनं पोरगं बिघडतं आणि पुस्तकानं सुधारतं ही आयांची समजूत अजून टिकून आहे, आणि ती टिकावी असंच मला वाटतं. मी त्यांना पुस्तकाचं नाव सांगत नाही. मी सांगते, दुकानात उभ्या राहा, पुस्तक मधेच कुठंतरी उघडा आणि बघा, दोन चालींच्या मधे वाक्यं आहेत का. माणूस माणसाला समजावून सांगतो तशी वाक्यं. असतील तर घ्या. नुसती अक्षरं आणि आकडे असतील तर होतं तिथं ठेवून द्या. आया माना डोलावतात, त्यांना वाटतं मॅडमचा केवढा अनुभव. हा अनुभव माझा नाही, माझ्या आईचा आहे, आणि ते मी आजवर एकाही बाईला सांगितलेलं नाही. लोक भावंडांवर जळतात, मैत्रिणींवर जळतात, जावांवर तर जळतातच. मी माझ्या आईवर जळायचे.

तेव्हा आम्ही नेरूळला राहायचो. वनरूम किचन, तळमजला, खिडकीला हिरवी जाळी. ट्रेन अजून नेरूळपर्यंत आली नव्हती. आमच्या सेक्टरच्या पलीकडे मोकळे प्लॉट आणि त्यांच्यात वाढलेलं कंबरभर गवत, आणि त्याच्याही पलीकडे खाडी. ओहोटी लागली की चिखलाचा वास थेट स्वयंपाकघरात यायचा आणि आई म्हणायची, "आली बाई, खाडी आली जेवायला." ती कराडची. खारा वारा तिला कधी मानवला नाही. लोखंडी तवा गंजतो, मिरचीपूड ओलसर होते, पापड वाळत नाहीत अशा तिच्या तक्रारी दिवसभर चालू असायच्या, आणि तोंड चालू असताना हातही चालू असायचा. भाकरी थापण्याचा थप-थप आवाज, शेजारच्या नायरबाईंचा रेडिओ आणि बाबांच्या कंपनीच्या बसचा हॉर्न या तीन आवाजांवर आमची सकाळ चालायची. बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत होते. संध्याकाळी ते घरात शिरले की त्यांच्या शर्टाला एक आंबूस वास असायचा आणि आई त्यांना आधी अंघोळीला पिटाळायची, मग चहा.

बुद्धिबळ मला बाबांनी शिकवलं. वर्षभरात मी त्यांना हरवायला लागले आणि त्यांना त्याचं इतकं कौतुक की बसमधल्या सगळ्या माणसांना माझं नाव पाठ झालं होतं. पुढे त्यांनी मला पेडणेकर सरांकडे घातलं. सर आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून राहायचे. गोदीत ड्राफ्ट्समन होते, निवृत्त झाल्यावर बाहेरच्या खोलीत पोरांना बुद्धिबळ शिकवायला लागले होते. त्यांच्याकडे सगळे मुलगे आणि मी एकटी मुलगी. यात केवढं सुख असतं ते ज्या एकट्या असतात त्यांनाच माहीत. स्पर्धेला गेलं की लोक वळून बघायचे. "ही बघ, ती खेळणारी मुलगी." मी जिंकले तर कौतुक दुप्पट, हरले तर कुणी हसायचं नाही. सोसायटीतल्या बायका भाजी घेताना आईला विचारायच्या, "तुमची वैशू काय म्हणते? कप आणला का नवीन?" आई म्हणायची, "मला कुठलं त्यातलं कळतंय." ते वाक्य मला फार आवडायचं.

माझं बळ पाठांतरात होतं. बाबांनी फोर्टच्या फुटपाथवरून मला एक जाडजूड निळं पुस्तक आणून दिलं होतं. त्यात ओपनिंग्जचे, म्हणजे डाव सुरू करायच्या ठरीव चालींचे, नुसते रकाने होते, मुंगीएवढ्या अक्षरात, पानामागून पान. एक शब्द समजावून सांगितलेला नाही. शाळेत मी जशी सनावळी पाठ करायचे तसे ते रकाने पाठ केले. बाबा पुस्तक हातात धरून माझी परीक्षा घ्यायचे. "फ्रेंच. पाचवी चाल?" मी सांगायचे. "सहावी?" सांगायचे. ते पुस्तक मिटायचे आणि आईकडे बघायचे. आई म्हणायची, "छान," आणि फोडणी घालायची.

क्लास संध्याकाळी असायचा, आणि परतताना मधल्या मोकळ्या प्लॉटपाशी कुत्री अंगावर यायची. म्हणून आई मला सोडायला यायला लागली, आणि परत जाऊन पुन्हा यायचं कशाला म्हणून तिथंच थांबायला लागली. सरांच्या खोलीत खिडकीखाली एक बाकडं होतं, त्यावर ती बसायची. कधी मेथी निवडायची, कधी वाल सोलायची. सरांच्या बायको तिला चहा द्यायच्या. मी विसरूनच जायचे की ती खोलीत आहे.

त्या दिवशी सर काळ्याच्या बाजूची फ्रेंच डिफेन्स ही सुरुवात दाखवत होते. भिंतीवर टांगलेल्या मोठ्या पटावर त्यांनी काळ्याची दोन प्यादी मधे पुढे केली, पांढऱ्यानं आपलं प्यादं पुढे ढकलून त्यांच्या नाकासमोर आणून ठेवलं. पुढच्या चाली मला येत होत्या, मी हात वर करून बसले होते. तेवढ्यात मागून आवाज आला.

"सर, एक विचारू?"

सगळी पोरं मागं वळली. आईच्या मांडीवर मेथीची जुडी होती.

"काळ्याचा तो पांढऱ्या घरातला उंट. त्याच्या पुढ्यात त्याचीच प्यादी उभी राहिली की. आता तो बाहेर कसा पडणार?"

पोरं हसली. माझे कान तापले. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं झालं. पण सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, "बाई, लोक दहा दहा वर्षं फ्रेंच खेळतात आणि हे विचारत नाहीत. अहो, या ओपनिंगचं सगळं दुखणं तेच आहे. त्या उंटाला बाहेर काढणं हाच काळ्याचा जन्मभराचा उद्योग." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "वैशाली, तुला पुढच्या सगळ्या चाली येतात ना? मग सांग बरं, त्यातली कुठली चाल या उंटासाठी आहे?"

मी वर केलेला हात खाली घेतला. मला तर तो उंट आहे हेच कधी दिसलं नव्हतं.

घरी येताना आई म्हणाली, "अगं, मी सहज विचारलं." मी भराभर पुढे चालत राहिले. गवतातून कुत्री भुंकत होती आणि आई हातातली छत्री आपटत चालली होती. मला तेव्हा जे झालं त्याला नाव द्यायला मला फार वर्षं लागली. सरांनी मला "पाठांतर उत्तम" असं कितीदा म्हटलं होतं. पण माझं बोलणं ऐकून त्यांनी चष्मा कधी पुसला नव्हता.

त्यानंतर आई खेळायला लागली. आधी सरांच्या बायकोशी, मग क्लासमधल्या लहान पोरांशी, मग मोठ्यांशी. ती गणितात बी.एस्सी. झालेली होती, हे मला माहीत होतं पण खरं वाटायचं नाही, कारण आमच्या घरात त्या पदवीचा उपयोग माझा गृहपाठ तपासण्यापलीकडे झालेला नव्हता. आता ती दूध उतू जाईपर्यंत पटाकडे बघत बसायची. "हा घोडा इथं कशाला येतो गं?" ती मला विचारायची. मी म्हणायचे, "पुस्तकात आहे म्हणून." "पण पुस्तकवाल्यानं तरी कशाला लिहिलं?" "आई, अगं तिथंच येतो तो. टेन्शन नको देऊस." मग तिनं मला विचारणं सोडलं आणि सरांना विचारायला लागली. ते तर मला अधिकच झोंबलं.

सर तिला म्हणाले, "तुमच्या प्रश्नांची उत्तरं देणारं पुस्तक या जाड्या ग्रंथांत नाही. ते शोधावं लागेल." वाशीच्या दुकानांत मिळाली ती सगळी सापळ्यांची पुस्तकं, दहा चालींत जिंका, आठ चालींत जिंका. आईनं दोन चाळली आणि म्हणाली, "ही समोरचा मूर्ख आहे असं धरून लिहिलीत." शेवटी एका रविवारी बाबा आम्हाला दोघींना बसनं फोर्टला घेऊन गेले. मला वाटलं, माझ्या पुस्तकासाठी.

फुटपाथवर पुस्तकांचे ढीग. मला पाहिजे ते मला लगेच दिसलं, माझ्या निळ्या पुस्तकाची नवी आवृत्ती, आधीपेक्षाही जाड. मी ते उराशी धरून उभी राहिले. आई मात्र ढिगाशेजारी उकिडवी बसली होती आणि बुद्धिबळाचं एकेक पुस्तक मधेच उघडून बघत होती. पहिलं पान नाही, शेवटचं नाही, मधलंच. उघडायची, दोन ओळी वाचायची, ठेवून द्यायची. बाजारात भेंडीचं टोक मोडून बघतात तसं तिचं चाललं होतं. ऊन चढलं. बाबा घड्याळ बघायला लागले. मग तिच्या हाती एक पातळ पुस्तक आलं. त्याला कव्हर नव्हतं, सुरुवातीची पानंही नव्हती, एकदम आठव्या की नवव्या पानावर सुरू होत होतं. ते तिनं उघडलं आणि मिटलंच नाही. तशीच बसून वाचत राहिली. लोक तिला ओलांडून जात होते.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, इसका तो नाम भी नहीं है. दूसरा दिखाऊं?"

आई म्हणाली, "नाव काय चाटायचंय? हेच द्या."

परत येताना बसमध्ये मी खिडकीपाशी आणि ती माझ्या शेजारी. वाशीच्या पुलावर वारा इतका की तिला पानं दोन्ही हातांनी दाबून धरावी लागत होती. तिचं इंग्रजी मराठी शाळेतलं, ओठ हलवत वाचायची. एकदम हसली. "ऐक ना वैशू, काय लिहिलंय बघ. म्हणतो, ओपनिंग म्हणजे पाहुणे यायच्या आधी घर आवरणं. कुठं कोण बसणार ते ठरलं नाही तर नुसत्या खुर्च्या इकडून तिकडे होतात. खरंय की नाही?"

"मला नको सांगूस."

"का गं?"

"माझं आहे ना माझ्याकडे."

तिनं माझ्या मांडीवरच्या जाड्या पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. परत वाचायला लागली, पण आता मनातल्या मनात, ओठ न हलवता.

ते पुस्तक तिनं खाकी कागदात घातलं आणि स्वयंपाकघरात चहाच्या डब्याशेजारी ठेवलं. मी रोज पाणी प्यायला जायचे तेव्हा ते दिसायचं. एकदाही उघडलं नाही. चांगलं असणार हे मला ठाऊक होतं, म्हणूनच उघडलं नाही. पुढच्या क्लासला आईनं ते सरांना दाखवलं तेव्हा सर उभे राहिले. "हे कुठं मिळालं तुम्हाला? माझी प्रत कुणीतरी नेली ती आलीच नाही. किती वर्षं शोधतोय मी." आणि मग, सगळ्या पोरांदेखत, माझ्यादेखत, सर माझ्या आईला म्हणाले, "आठ दिवस वाचायला द्याल का?" सरांनी आईकडे मागितलं! मी सरांकडून किती पुस्तकं नेली असतील, पण माझ्याकडे मागावं असं काही माझ्यापाशी कधी नव्हतं. त्या संध्याकाळी मी जेवले नाही. पोट दुखतंय म्हणाले, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

पुढे आलं ते महिला बोर्डाचं. अलिबागला दरवर्षी सांघिक स्पर्धा व्हायची आणि प्रत्येक संघात एका बाईला किंवा मुलीला खेळवायचं असा नियम होता. आमच्या संघात ती जागा माझीच होती. त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच. मी आधीच्या वर्षी गेले होते, दोन दिवस मुलांबरोबर राहून, धर्मशाळेच्या गच्चीवर भेळ खाऊन, डाव हरूनसुद्धा कितीतरी मोठी होऊन परत आले होते. पण यंदा सर आईकडे वळून म्हणाले, "बेलापूरच्या रविवारच्या स्पर्धेत शालिनीताई आणि वैशाली, दोघींनी नाव घाला. जी वर येईल ती अलिबागला."

घरी सांगितलं तेव्हा बाबा हसले. "ही? स्पर्धेत?" मग त्यांच्या लक्षात आलं की आई हसत नाहीये. त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

बेलापूरच्या हॉलमध्ये पंखे करकरत होते. आई मोतिया रंगाची साडी नेसून आली होती, केसांत काही माळलं नव्हतं. मधल्या एका फेरीत यादी लागली आणि माझ्या नावासमोर तिचं नाव. सर दाराशी उभे राहून भलतीकडे बघायला लागले. आम्ही समोरासमोर बसलो. घरात आम्ही जेवायलाही अशा समोरासमोर कधी बसलो नव्हतो. ती वाढत असायची.

पांढरी माझ्याकडे होती. मी राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. तिनं एकच घर. फ्रेंच. माझ्या छातीत आनंदाची लाट आली, कारण फ्रेंच मला तोंडपाठ. मी प्यादं पुढे ढकललं, तिच्या उंटाची वाट बंद झाली, आणि आता ती काय खेळणार ते मला दिसत होतं, निळ्या पुस्तकातल्या रकान्यासकट. तिनं ते खेळलं नाही. तिनं वजिराच्या बाजूचं एक कोपऱ्याजवळचं प्यादं उचललं आणि एक घर पुढे ठेवलं. इतकी साधी चाल, अंगण झाडल्यासारखी. माझ्या रकान्यात ती नव्हती. मी घाईघाईनं उंट काढून शह दिला. तिनं प्यादं मधे घातलं, माझा उंट मागं सरला. आणि मग तिचा तो कोंडलेला उंट, ज्याच्यासाठी पोरं तिला हसली होती, त्या साध्या प्याद्यानं करून दिलेल्या मोकळ्या वाटेनं बाहेर आला आणि पटाच्या कडेला जाऊन बसला. तिथून तिरका तो थेट माझ्या राजाच्या शेजारच्या घरावर बघत होता. माझ्या राजाला किल्लेकोट करून कोपऱ्यात लपता येईना. मधे काहीतरी घालून त्याची वाट अडवता आली असती, हे मला घरी गेल्यावर सुचलं. तिथं मला काही सुचलं नाही. मी रकाने आठवत राहिले आणि रकान्यात हे नव्हतं.

माझा राजा मधेच अडकला. तिनं घाई केली नाही. प्रत्येक चाल खेळल्यावर ती हात पदराला पुसायची, कणीक मळून झाल्यावर पुसतात तसे. मी एकदा वर पाहिलं. वाटलं, ती माझ्याकडे बघत असेल, आईसारखी, कीव करत असेल, एखादी चाल सोडून देईल. ती पटाकडे बघत होती. माझ्याकडे बघायला तिला सवडच नव्हती. तेवढ्यानंच मी हरले, पुढच्या चाली नुसत्या व्हायच्या म्हणून झाल्या.

मी राजा आडवा केला. तिनं हात पुढे केला. नियम आहे म्हणून मी हातात हात दिला. तिच्या बोटांना हिंगाचा वास येत होता.

शेवटच्या यादीत आई माझ्या वर होती, आणि रात्री घरी ताटं मांडली. आमटी, भात, लोणचं, नेहमीचंच. मी वाट बघत होते. आई आता म्हणेल, "वैशूलाच जाऊ दे, मी काय करणार जाऊन." सगळ्या आया असंच म्हणतात. मटणातली नळी, शेवटचा लाडू, खिडकीची जागा, सगळं ती मला देत आलेली होती. मी नको म्हणण्याची तयारीसुद्धा करून ठेवली होती. जरा वेळ नको म्हणायचं आणि मग घ्यायचं.

आईनं बाबांना भात वाढला आणि म्हणाली, "अलिबागला मी जाणार आहे. दोन दिवस. घराचं तुम्ही दोघं बघा."

बाबांचा घास हातात राहिला. "आणि वैशू?"

"वैशू पुढच्या वर्षी जाईल." मग माझ्याकडे बघून, अगदी सरळ, "मला हरवलं तर."

मी ताटावरून उठले. मागून बाबांचा आवाज आला, "अगं, पोरगी आहे ती," आणि त्यावर आईचा, "हो. आणि मी नेहमी तिची आईच असते की. तिथं बसले तेवढा वेळ नव्हते." आज माझ्यासमोर आया बसतात, मुलांच्या बॅगा सांभाळत, घड्याळ बघत, आणि कधीकधी एखादीची नजर पटावर जाऊन अडकलेली दिसते. मी तिला काही विचारत नाही. पण मला ते दिसतं.

आई अलिबागला गेली त्या सकाळी तिनं दोन दिवसांचं काहीही करून ठेवलं नाही. दरवेळी कराडला जाताना चिवडा, लाडू, पिठाचे डबे भरून, कशात काय आहे ते सांगून जायची. या वेळी पुस्तक पिशवीत टाकलं, साडी टाकली आणि संघाच्या पोरांबरोबर एस.टी.त चढली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. बाबा म्हणाले, "तुला कुकर येतो ना लावायला?" बाबांनी कांदा चिरला तो एवढा मोठा की मुलाच्या मुठीत मावला नसता. मी भात लावला तो खाली लागला. घरात आवाजच नव्हता. नायरबाईंचा रेडिओ आमच्याच खोलीत लागल्यासारखा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी दिवाळे गावच्या कोळीण हिराबाय मासळी घेऊन आल्या. आठवड्यातून दोनदा त्या टोपली घेऊन आमच्या दारात बसायच्या आणि त्यांच्याशी घासाघीस करायची ती आई. दारात मला बघून त्या म्हणाल्या, "आय कंय गेली?"

"अलिबागला."

त्यांनी हातातला बोंबील खाली ठेवला. "कोन वारला गो?"

"कुणी नाही. खेळायला गेलीय."

"खेलाला?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुजी आय?"

"बुद्धिबळ."

"मंग तू का नाय गेलीस? तू खेलतस ना?"

"ती माझ्यापेक्षा चांगली खेळते," मी म्हणाले. ते मी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं होतं. माझ्या कुठल्याही मैत्रिणीसमोर मी ते म्हटलं नसतं. हिराबायसमोर म्हटलं, कारण त्यांना बुद्धिबळातलं काही कळत नव्हतं.

त्यांनी बोंबील मोजले. मग पानात बांधून माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "आमचे आयशीला खाडीत पोवता येवाचा. सगले गावात तिच्यासारका कोनाला येत नवता. लगीन झाला नि बंद झाला. मी कंदी बगला पन नाय." टोपली उचलून डोक्यावर घेताना म्हणाल्या, "मीठ कमी घाल. बोंबलाला सोताचा मीठ असतं."

संध्याकाळी बाबांना शिफ्ट होती, म्हणून एस.टी.च्या थांब्यावर आईला आणायला मी गेले. जायची इच्छा नव्हती. मनात मी दोन्ही गोष्टी घोकून ठेवल्या होत्या: ती जिंकून आली तर काय चेहरा करायचा, आणि हरून आली तर काय. खरं सांगायचं तर दुसऱ्या चेहऱ्याची तयारी मी जास्त मन लावून केली होती. ती हरून येईल, डोळे सुजलेले असतील, मी तिच्या हातातली पिशवी घेईन आणि म्हणेन, "होतं असं, आई." मोठ्या माणसासारखं. मी स्वतः हरले की डोक्यावरून चादर ओढून झोपायचे, शाळेतही जायचे नाही, आणि आईच दारातून म्हणायची, होतं असं. आता ते वाक्य माझ्याकडून तिला जाणार होतं.

एस.टी. आली. आधी पोरं उतरली, पडेल चेहऱ्यानं, त्यांच्यामागून सर. मग आई. केस विस्कटलेले, नाक उन्हानं लाल, आणि ती हसत होती. मागं वळून ड्रायव्हरला काहीतरी सांगत होती आणि तोही हसत होता. पायरीवरून तिनं मला पाहिलं आणि भर रस्त्यात, रिक्षावाले आणि भाजीवाले सगळे ऐकतील अशा आवाजात ओरडली, "वैशू! अगं, सपाटून मार खाल्ला!"

पिशवी घ्यायला पुढे केलेला हात मी मागं घेतला.

"सगळे डाव हरले! एक नाही वाचला. पेणच्या एका मुलीनं तर, तुझ्याएवढीच असेल, मला अशी फाडली की बस! इतकी सुंदर खेळली गं ती. तू बघायला हवी होतीस. मी तिला उठून सांगितलं, बाई, तुझे पाय कुठं आहेत." तिला हसू आवरेना. तिनं माझ्या खांद्याला धरलं. सर मागून म्हणाले, "शालिनीताई, आमच्या संघाचं नाक कापून तुम्ही हसताय," आणि तेही हसायला लागले, मग पडेल चेहऱ्याची पोरंसुद्धा.

माझ्या आयुष्यात मी तिच्यावर सगळ्यात जास्त जळले ते त्या क्षणी. हॉलमध्ये तिनं मला हरवलं तेव्हा नाही, सरांनी तिच्याकडे पुस्तक मागितलं तेव्हाही नाही. आमच्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी मी, मला हरणं म्हणजे मरण. आणि ही बाई, चाळिशीला टेकलेली, पहिल्यांदा स्वतःसाठी घराबाहेर पडून, होते नव्हते ते सगळे डाव घालवून, जत्रेहून आल्यासारखी रस्त्यात उभी होती. ते कुठल्या पुस्तकात असतं? तिच्या बिनकव्हराच्या पुस्तकातही नव्हतं. तिच्या माघारी ते माझ्याकडे आलं, मी ते पानन् पान वाचलं, मुलांना त्यातूनच शिकवते, आणि ते कुणाला वाचायला देत नाही. ओपनिंगबद्दल मला जे कळतं ते सगळं त्यातलं आहे. हे त्यात नाही.

तयार ठेवलेलं वाक्य माझ्या तोंडून निघालंच नाही. मी तिच्या हातातून पिशवी घेतली. आम्ही गवताच्या कडेनं चालायला लागलो. ती पेणच्या मुलीचा डाव सांगत होती, हवेत बोटानं घरं काढत, आणि मी ऐकत नाही असं दाखवत ऐकत होते.

कोपऱ्यावर ती एकदम थांबली. "भूक लागलीय गं. सकाळपासून नुसता वडापाव. काय केलंयस?"

"भात. आणि बोंबलाचं कालवण."

"कालवण? तू?" ती माझ्याकडे बघायला लागली. मग जरा घाबरत, एखाद्या परक्या घरी विचारावं तसं तिनं विचारलं, "माझ्या वाटणीचं ठेवलंस ना?"

"ठेवलंय," मी म्हणाले. "मीठ कमी आहे."